लाल दोऱ्याचं फडकं

"आई, चाकापासून नाही. टपापासून सुरू करायचं असतं."

आई गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवी बसली होती. पदर कमरेला खोचलेला, हातात काथ्याचा ब्रश, शेजारी एकच बादली. मान वर न करता ती म्हणाली, "कुठनं का सुरू होईना. धुतल्याशी कारण."

"तसं नाही. चाकांचा चिखल आधी बादलीत गेला की तेच पाणी सगळ्या गाडीला लागतं. त्यात बारीक वाळू असते. तिनं रंगावर ओरखडे येतात."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"अण्णांनी."

आम्ही दोघींनीही दाराकडे पाहिलं. पोर्चच्या वरच्या पायरीवर वेताच्या खुर्चीत अण्णा बसले होते. उजवा हात मांडीवर होता, कुणी आणून ठेवल्यासारखा, मूठ आवळलेली. त्यांची नजर चाकावर होती, आईच्या हातातल्या ब्रशवर. ओठ हलले.

"नको," ते म्हणाले.

मी ब्रश आईच्या हातून काढून घेतला, बादली ओतून दिली, दोन स्वच्छ बादल्या भरून आणल्या आणि टपापासून सुरुवात केली. थोड्या वेळानं मागे वळून पाहिलं, तर अण्णांनी मान भिंतीकडे वळवून डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, आता त्यांना बरं वाटलं असेल.

ही गोष्ट सांगलीची, पंचवीस वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली. अण्णा म्हणजे माझे वडील, भूपाल मगदूम. तंत्रनिकेतनात वर्कशॉपचे मास्तर म्हणून एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले होते. डिसेंबरच्या शेवटी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय थोडा सावरला. काठीच्या आणि दोन माणसांच्या आधारानं ते खुर्चीपर्यंत यायचे. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, पण तोंडातून एकच शब्द यायचा, "नको." भूक लागली तरी नको, पाणी हवं असलं तरी नको. स्वतःचा तो शब्द ऐकला की ते स्वतःच दचकायचे आणि मग दिवसभर तोही बोलायचे नाहीत.

मिरजेच्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं होतं. "पहिले तीन-चार महिने महत्त्वाचे. या दिवसांत मेंदू नव्या वाटा शोधतो. पुढेही थोडंफार सुधारतं, पण जे मोठं यायचं ते आत्ताच. गोळ्यांनी होणार नाही. त्यांनी हात वापरला पाहिजे, बोलायची धडपड केली पाहिजे. मनावर घेतलं पाहिजे त्यांनी."

त्यातला दीड महिना संपला होता, आणि अण्णांनी मनावर काहीही घेतलं नव्हतं.

मी तेव्हा पुण्यात एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. महिन्याची बिनपगारी रजा टाकून आले आणि आल्या दिवशी आलेखाच्या कागदावर तक्ता आखून भिंतीला लावला. सकाळी आठ, अकरा, चार आणि सात, असा चार वेळा व्यायाम. रबरी चेंडू दाबणे वीस वेळा. 'आ', 'ई', 'ऊ' प्रत्येकी दहा वेळा. कंपासपेटीतला कोनमापक लावून मी रोज त्यांची बोटं किती उघडतात ते मोजायची. शेवटच्या रकान्यात शेरा. पहिल्या आठवड्याच्या सगळ्या शेऱ्यांत एकच शब्द होता: निरुत्साह. मी चेंडू त्यांच्या तळहातावर ठेवायची, ते तो घरंगळू द्यायचे. चेंडू पलंगाखाली जायचा. मी वाकून काढायची, पुन्हा ठेवायची.

आई माझ्या तक्त्याकडे बघायची आणि पुन्हा कामाला लागायची. ती शिरोळजवळच्या खेड्यातली, आठवीपर्यंत शिकलेली.

आता गाडीबद्दल सांगायला हवं. गाडी म्हणजे गडद निळ्या रंगाची फियाट. जयसिंगपूरच्या एका डॉक्टरांकडून अण्णांनी जुनी घेतलेली. घेतली तेव्हा तिचा रंग पाटीसारखा मेलेला होता. अण्णांनी तीन महिने रोज संध्याकाळी घासून, पॉलिश करून तो जिवंत केला. त्यानंतरच्या तेरा वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुणाला तिला पाणीसुद्धा लावू दिलं नाही. दर रविवारी सकाळी सातला, ऊन पोर्चवर यायच्या आत, ते लुंगी दुमडून बाहेर यायचे. बोटातली अंगठी आधी काढून खिडकीत ठेवायचे. पाणी टपापासून खाली, चाकं सगळ्यात शेवटी. फडकं सरळ रेषेत, कधीही गोल नाही. काचा, सगळी गाडी धुऊन झाल्यावर, कोरड्या कागदानं. आणि महिन्यातून एकदा वॅक्स. "पातळ," ते म्हणायचे. "दिसलं न दिसलं इतकं पातळ. जाड लावलं तर पुसण्यात जन्म जातो."

सात-आठ वर्षांची असताना गल्लीतल्या एका डबड्या मोटारीवर आणि नंतर आमच्या शेजाऱ्यांच्या स्कूटरवर पाणी पसरून जाताना मी पाहिलं होतं. पुढे आमची फियाट आली, मी कॉलेजात होते, तेव्हा अण्णांनी एकदा मला बोलावून वॅक्स केलेल्या बॉनेटवर बोटानं एक थेंब सोडला. थेंब पसरला नाही. मोत्यासारखा गोल उभा राहिला. "का, सांग," ते म्हणाले. मला सांगता आलं नाही. त्यांनाही आलं नाही. "शोधून काढ आणि मला शिकव," ते म्हणाले. मी रसायनशास्त्र घेतलं, ते त्या थेंबामुळे.

फडकी चार होती. तीन जुन्या बनियनची, मऊ. चौथं जाडं, फक्त चाकांसाठी. ते वेगळ्या खिळ्याला असायचं. चुकूनसुद्धा ते गाडीच्या अंगाला लागू नये म्हणून त्याच्या कोपऱ्याला लाल दोरा शिवलेला होता. तो दोरा आईनंच शिवला होता.

दुसऱ्या रविवारी मी अंघोळ करून बाहेर आले तेव्हा साडेनऊ वाजले होते. पोर्चमध्ये निम्म्या भागात ऊन आलं होतं, आणि आई बादलीत पांढरी पावडर घालत होती.

"आई! ती कपड्यांची पावडर आहे?"

"मग? कपडे निघतात तर गाडी निघत नाही होय?"

"अगं, त्यानं वॅक्स निघून जाईल सगळं. आणि या उन्हात? पाणी जागच्या जागी वाळून डाग पडतात."

"डाग पडले तर पडू देत. गाडी चालायची ती चालतेच."

खुर्चीतून जोरात आवाज आला. "नको!" आणि त्याच्यापाठोपाठ धप्प असा आवाज. अण्णांनी पाय आपटला होता.

शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीवरून बिरनाळे काकांचं डोकं वर आलं. काका टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेले. भिंतीपलीकडच्या बातम्यांवर त्यांचा दिवस जायचा. "वहिनी, गाडी द्यायची आहे काय? माझा मेहुणा शोधतोय एक. जुनी असली तरी चालेल म्हणतो."

"द्यायची असती तर धुतली असती कशाला?" आई म्हणाली. "मेव्हण्याला सांगा, सायकल घे. पोट कमी होईल."

"तसं नव्हे, सर आता काही चालवणार नाहीत, म्हणून आपलं..."

"बिरनाळे भाऊजी, तुमचं दूध उतू जातंय बघा."

डोकं खाली गेलं. मी तोवर बादली उचलली होती. सगळं पाणी पेरूच्या बुंध्याशी ओतलं. अण्णांजवळ जाऊन म्हटलं, "काळजी करू नका. मी आहे ना. आईला आता हात लावू देत नाही." आणि गाडी सावलीत ढकलून घेतली, साध्या पाण्यानं, बनियनच्या फडक्यानं, सरळ रेषेत, त्यांच्या पद्धतीनं सगळी धुतली. अण्णांचा श्वास हळूहळू शांत झाला. मग त्यांनी डोळे मिटले.

आई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. "तुला लई कळतंय," ती म्हणाली. आवाजात राग होता, आणि मला त्याचं नवल वाटलं. चूक तिची होती, राग तिला कसला?

त्या दिवशीच्या शेऱ्यात मी लिहिलं: "रविवार. चिडचिड खूप. पाय आपटला (उजवा). त्रास होईल अशा गोष्टी टाळाव्यात." त्याखाली एक रेघही ओढली.

पुढचा आठवडा सगळ्यात वाईट गेला. अण्णा 'आ'सुद्धा म्हणेनात. बुधवारी त्यांनी डाव्या हातानं चेंडू उचलून खिडकीबाहेर टाकला. कोनमापकावरचा आकडा दहा दिवसांत एक अंशही हलला नव्हता. माझी रजा संपायला बारा दिवस उरले होते. रात्री मी आईला म्हटलं, "त्यांनी सोडून दिलंय गं. मला नाही वाटत काही होईल."

आई तांदूळ निवडत होती. "उद्या शुक्रवार ना?" एवढंच ती म्हणाली.

शनिवारी दुपारी स्वयंपाकघरात उकळलेल्या चहाचा कडवट वास भरला होता. गॅसवर लोखंडी कढई होती आणि आत काहीतरी काळं खदखदत होतं.

"हे काय?"

"कढईला गंज चढलाय. उकळून घेते."

"चहानं?"

"तू तुझं वाच की," ती म्हणाली आणि कढईवर ताट झाकलं.

रविवारी सकाळी सातला तिनं मला उठवलं. "मिरजेला जाऊन ये. यांच्या मालिशचं तेल संपलंय."

"ते इथं कोपऱ्यावर मिळतं."

"इथलं नको. मिरजेचं पाहिजे. आठची बस आहे, ती गाठ."

मी निघाले. स्टँडच्या निम्म्या वाटेवर पर्स घरीच राहिल्याचं लक्षात आलं आणि परत फिरले. फाटकाशी पोचले तेव्हा बिरनाळे काका रस्त्यावर, त्यांच्या आणि आमच्या फाटकाच्या मधे, हातात पेपर घेऊन उभे होते. पेपर ते वाचत नव्हते. मला बघून त्यांनी पेपराचाच आडवा हात केला.

"थांबा जरा," ते कुजबुजले. "आत जाऊ नका."

"का? काय झालं?"

"बघा की."

गाडीचं तोंड घराकडे, पायऱ्यांकडे होतं. आई बॉनेटपुढे, अण्णांकडे पाठ करून उभी होती. तिनं गाडीची पुढची काच आधीच धुऊन लख्ख केली होती. काच तर शेवटी करायची असते. आता ती बॉनेट पुसत होती. हातातलं फडकं काळंकुट्ट होतं, आणि ते ती गोल गोल फिरवत होती, जात्यावर दळण दळल्यासारखी. फडक्याच्या कोपऱ्याला लाल दोरा होता.

चाकाचं फडकं. ब्रेकची काळी पूड, खडी, डांबर, सगळं त्यात. आणि ते बॉनेटवर. माझा हात फाटकाच्या कडीवर गेला. काकांनी पुन्हा पेपर आडवा केला.

"नको," अण्णा म्हणाले.

"काय नको? चांगलं निघतंय की."

"नको!"

"अहो, फडकं ते फडकं. चाकाचं काय आणि तोंडाचं काय. तुम्ही उगाच तेरा वर्षं लाड केलेत हिचे."

अण्णा उठले. डाव्या हातात काठी होती. दोघींनी धरल्याशिवाय ते कधी उठले नव्हते. एक पायरी उतरले. थांबले. दुसरी उतरले. मी आईकडे पाहिलं. फाटकातून, एका बाजूनं, मला तिचं तोंड अर्धवट दिसत होतं. ती बॉनेटकडे बघत नव्हती. ती समोरच्या लख्ख काचेत बघत होती, आणि काचेत अण्णा होते. उजव्या हातानं ती फडकं फिरवत होती. डावा हात मात्र अंगामागे, कमरेच्या खाली, उघडा धरलेला होता. पडलेच तर झेलायला.

"नको... ला... ला..."

"काय ला?" आईचा हात थांबला नाही. "नीट बोला. मला मेलीला काय कळतंय?"

अण्णांचं तोंड वाकडं झालं, मान थरथरली, गळ्याच्या शिरा वर आल्या. मला ते बघवेना.

"लाल," ते म्हणाले. "लाल! लाल... दोरा!"

तो आवाज चोपन्न दिवसांनी आला होता. वर्कशॉपच्या पत्र्याखाली चाळीस पोरांना ऐकू जायचा तोच आवाज.

आई वळली. "अगं बाई! लाल दोरा होय! दिसलाच नाही बघा मला."

अण्णांनी काठी टाकून दिली आणि डाव्या हातानं फडकं तिच्या हातून हिसकावलं. तोल गेला. आईचा हात पुढे झाला, पण त्याआधी अण्णांचा उजवा हात बॉनेटवर पडला होता. पडला, घसरला आणि थांबला. ती मूठ, जी मी दिवसातून चार वेळा एक एक बोट धरून उघडत होते, ती गार पत्र्यावर आपली आपण उघडली होती. पाचही बोटं पसरलेली. त्यांच्यावर अण्णांचं वजन पेललेलं.

आईनं त्या हाताकडे एकदा पाहिलं. तिनं खिळ्यावरचं बनियनचं फडकं काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "मला तर काय जमत नाही बाई. दाखवा कसं ते."

अण्णांनी फडक्यावर उजवा तळवा ठेवला आणि त्यावर डावा. दोन्ही हात पुढून मागे, काचेच्या दिशेनं, सरळ रेषेत निघाले. उजवा हात डाव्यानं ओढला जात होता, हे मला दिसत होतं. एक रेघ. दुसरी. तिसरी. आईनं शेजारी आपलं दुसरं फडकं घेतलं आणि मन लावून गोल फिरवायला सुरुवात केली.

"नको! सरळ!" अण्णा ओरडले. डावा हात उचलून त्यांनी तिचा हात बाजूला सारला. आणि तेवढ्या वेळात, खाली राहिलेला उजवा हात एकटाच पुढे गेला. चार बोटांच्या रुंदीइतका. मग थांबला.

"सरळ होय?" आई म्हणाली. "असं सांगायचं की मग."

माझ्या शेजारी बिरनाळे काका नाक पुसत होते. "मास्तर कामावर रुजू झाले," ते म्हणाले. पेपराची घडी करून ते घरात गेले.

मी तेल आणायला गेलेच नाही. तासभर नाक्यावरच्या देवळाच्या ओट्यावर बसून राहिले आणि मग काही पाहिलं नसल्यासारखी घरी आले. अण्णा झोपले होते, घोरत होते. उजवी मूठ अर्धी उघडी होती. कोनमापक काढावासा वाटला, पण काढला नाही.

संध्याकाळी मला बॉनेटची काळजी वाटू लागली. अण्णा उठून ते ओरखडे बघतील तेव्हा काय? मी टॉर्च घेऊन पोर्चमध्ये गेले. अण्णांनी शिकवलं होतं तसा टॉर्च आडवा, पत्र्याला जवळजवळ टेकवून धरला. असा धरला की केसाएवढा ओरखडाही कोळ्याच्या जाळ्यासारखा चमकतो. मी पुढून मागे, डावीकडून उजवीकडे सगळं बॉनेट तपासलं. एकही ओरखडा नव्हता.

असं होणं शक्य नव्हतं. म्हणून मी फडकं शोधलं. ते मोरीपाशी बादलीत पडलं होतं. पिळून काढलं. बादलीतलं पाणी अलगद ओतलं आणि तळाशी बोटं फिरवली. वाळू नाही. पूड नाही. एक कणसुद्धा नाही. फडकं नाकाशी नेलं. त्याला डांबराचा वास नव्हता. चहाचा होता.

चहाची पूड लोखंडी कढईत उकळली की पाणी शाईसारखं काळं होतं. चहातल्या टॅनिनचा लोखंडाशी संयोग होतो म्हणून, हे मला माहीत होतं. आईला ते लुगड्यावर पडलेल्या डागामुळे माहीत होतं. मी फडकं उलटून कोपरा पाहिला. लाल दोरा नवाकोरा होता. जुनं, खरं फडकं शोधायला वेळ लागला नाही. पाणी तापवायच्या बंबामागे, कागदात गुंडाळून ठेवलेलं होतं.

मागे आई उभी होती.

"सापडलं?" ती म्हणाली.

"आई, गेल्या रविवारची पावडर?"

"मैदा. चार चमचे. पेरूला घातलास सगळा."

मला बादली आठवली. त्या पाण्याला फेस आला नव्हता. मी एम.एस्सी. झालेली. साबणाच्या पाण्याला फेस येतो हे कळायला पदवीही लागत नाही. आणि बादली स्वतःच्या हातानं ओतताना मला ते दिसलं नव्हतं.

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुला नाटक जमलं असतं? तुझा चेहरा बघूनच त्यांनी ओळखलं असतं." ती पायरीवर बसली. एकाएकी दमलेली दिसली. "अगं, तुझे अण्णा मास्तर आहेत. भरल्या ताटावरनं उठायचे आणि भिंतीवरचा फोटो सरळ करून यायचे. चूक दिसली की त्यांना बसवत नाही. चेंडू दाबून काय होणार आहे? त्या चेंडूत चुकण्यासारखं काय आहे?" तिनं पदराला हात पुसले. "मी चुकवायला जायची आणि तू पुढं येऊन सगळं बरोबर करून टाकायचीस. सगळं बरोबर झाल्यावर ते उठतील कशाला?"

मी आत जाऊन भिंतीवरचा तक्ता वाचला. सगळं माझ्याच अक्षरात होतं. पाय आपटला (उजवा). त्या सकाळपर्यंत उजव्या बाजूनं आपणहून केलेली ती एकमेव हालचाल होती, आणि मी तिच्याखाली रेघ ओढून ती टाळायची म्हणून लिहून ठेवली होती. मी तक्ता उतरवला, घडी केली आणि बॅगेत ठेवला. अजून आहे माझ्याकडे.

अण्णांच्या उजव्या हातात पुन्हा पेन धरण्याची ताकद आली नाही. पण शर्टाची बटणं तो लावू लागला, भाकरी मोडू लागला. बोलणं आलं, अडखळत, तुकड्यातुकड्यानं, आणि त्यातही जास्त करून आईला रागावण्यापुरतं. अकरा वर्षं ते जगले. त्यातल्या एकाही रविवारी गाडी दुसऱ्या कुणी धुतली नाही. आईनं आपल्या उपायाबद्दल कुणाला सांगितलं नाही, डॉक्टरांनासुद्धा. "रागीट स्वभाव कामी आला म्हणायचं," डॉक्टर म्हणाले, तेव्हा तिनं मान खाली घालून 'होय' म्हटलं. मी पुढे प्रयोगशाळेची प्रमुख झाले, पुष्कळ हुशार माणसांबरोबर काम केलं. एक सोडून बाकी काही न बदलता प्रयोग करणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. घाण दिसेल पण नसेल असं फडकं तयार करणारं दुसरं माणूस मला भेटलेलं नाही.

मी पुण्याला परत निघाले त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता. वॅक्सचा रविवार. सकाळी पावणेसातला मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा येऊन बसले होते. आई आत आली, पदर खोचला, खिडकीतून एकदा बाहेर बघितलं आणि माझ्या कानाशी वाकली. चेहरा अगदी गंभीर, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा.

"शैले," ती कुजबुजली, "आज काय चुकवू गं?"

मी विचार केला.

"वॅक्स जाड लाव," मी म्हटलं. "श्रीखंडासारखं."

ती डबा घेऊन बाहेर गेली. मी चहाचे कप घेऊन अण्णांच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसले. आईनं डब्यात चार बोटं बुडवून वॅक्सचा भलामोठा गोळा काढला आणि बॉनेटच्या बरोबर मधोमध थापला. माझ्या तोंडाशी शब्द आला होता. मी चहाचा घोट घेतला.

माझ्या शेजारी काठी पायरीवर टेकल्याचा आवाज झाला.

"पा... पा..." अण्णा म्हणाले. ते उठत होते. "पातळ!"